तुपातलं काजळ

१६ नोव्हेंबर १९५८

परशुदादाने भाऊबीजेला ओवाळणीत ही वही घातली. लुगडं नाही, खण नाही, वही. "सातवी पास झालीस ती चुलीत घालू नको, रोज चार ओळी लिही," म्हणाला. नांदगावला मास्तर आहे ना, त्याला वाटतं सगळ्या जगाने लिहीत बसावं. मी आज लिहितेय ती त्याचा मान राखायचा म्हणून.

या घरात वाचता येतं ते मला एकटीला. सासूबाईंना अक्षर ठाऊक नाही आणि ह्यांना सही येते, तीही अर्धी. त्यामुळे मनात येईल ते लिहावं आणि वही पिठाच्या डब्यामागे ठेवावी. कुणाची हिंमत नाही.

२० नोव्हेंबर

पौर्णिमेपासून जत्रा सुरू. भात कापून झालं की हे चार-पाच महिने दशावताराच्या कंपनीबरोबर गावोगाव असतात. बायकांची कामं करतात. तारामती, द्रौपदी, कधी एखादी राक्षसीण. गावात सगळे म्हणतात, गुणाजीसारखी बाई अख्ख्या तालुक्यात नाही. मासे विकायला येणारी गंगू तर मला तोंडावर म्हणते, "तुजो घो तुज्यापरास बरो चलता गो." मी हसते. काय करणार, खरं आहे ते.

माझ्या लग्नाचा शालू ह्यांच्या सोंगांच्या पेटाऱ्यात आहे. मी लग्नात एकदा नेसले, त्यानंतर तारामती नेसते.

आज ब्रश काढून पाहिले. तीन आहेत, गेल्या साली मुंबईच्या रंगाच्या दुकानातून आणलेले. रुंद आहे तो तोंडाला सफेता लावायला, मधला गालांच्या लालीला, आणि बारीक, खारीच्या केसांचा, तो फक्त डोळ्यांना. कंपनीत बाकीचे सगळे बोटांनी रंगतात आणि डोळ्यांना माडाच्या पातीचा हीर वापरतात, टोक चावून मऊ केलेला. ह्यांची चेष्टाही करतात ब्रशांवरून. पण दाजी करत नाहीत. दाजी म्हणजे कंपनीतले राजे, हरिश्चंद्र असो नाहीतर दुर्योधन. वय झालंय, हात कापतो, हीर डोळ्यात जातो. म्हणून हे आधी दाजींचे डोळे बारीक ब्रशाने काढतात आणि मग आपले. गुरू आहेत ह्यांचे. ह्यांना पदर कसा सावरायचा ते दाजींनी शिकवलं, मला नाही कुणी शिकवलं.

३ डिसेंबर

हे सकाळी आले, आंघोळ केली आणि पडवीत आडवे झाले. ब्रशांचं पुडकं माझ्या पुढ्यात.

रीत अशी. पेटाऱ्याला बाईचा हात लागायचा नाही, त्यात देव असतो. पण ब्रश धुणं मात्र बाईचं. हे कुणी ठरवलं विचारू नये. सासूबाई दर साली बजावतात, "पेटाऱ्याक हात लावलंस तर बघ. दाजीच्या काशीन एकदा लावल्यान होतो, दाजीन तिका भर अंगणात मारल्यान." काशीबाई म्हणजे दाजींची बायको. वारली, मी तिला पाहिलेलं नाही.

धुणं मात्र मी मन लावून करते. आधी तळव्यावर खोबरेल घ्यायचं आणि त्यात ब्रश गोल गोल फिरवायचा, रंग आपणहून सुटतो. मग जुन्या लुगड्याच्या फडक्याने टिपायचं. मग रिठ्याचं कोमट पाणी. कढत नाही. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून उकळतं पाणी ओतलं, तर पत्र्याच्या टोपीतला डिंक सुटला आणि रुंद ब्रशाची निम्मी दाढी झडली. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाणी स्वच्छ पडेपर्यंत खळबळायचं, बोटांनी टोक काढायचं, आणि सावलीत आडवा ठेवायचा. उभा ठेवला तर पाणी टोपीत उतरतं आणि तो आतून कुजतो.

ह्यांचा नियम एकच. वापरलेला ब्रश धुतल्याशिवाय घराबाहेर जायचा नाही. देवाचा दिवा चुकेल एकवेळ, हे चुकायचं नाही.

१४ डिसेंबर

हे लिहावं की नाही कळत नाही. पण कुणाला सांगायचंही नाही, मग लिहिते.

वाडीत डोळ्यांची साथ आहे. गंगूचे आलेत, शेजारच्या पोरांचे आलेत. माझाही डावा डोळा सकाळपासून चुरचुरतोय, पण काल पेंढा रचला त्याचं कुसळ गेलं असणार. शिवाय पोटातही सकाळपासून कळ होती आणि दुपारी कळलं की मी बाहेरची झाले. सासूबाई जामसंड्याच्या बाजारात. हे आज सकाळी आलेले आणि संध्याकाळी परत जायचे. मी बाजूला बसले तर ब्रश कोण धुणार? सासूबाई आल्यावर भांड्यांसारखे घासतील. म्हणून मी गप्प बसले, ब्रश धुतले, सुकवले. मनात म्हटलं, उद्या सकाळी सांगेन.

दुपारी हे गंगाराम न्हाव्याकडे दाढीला गेले. दाढीचा एक खुंट राहिला तरी द्रौपदी शोभत नाही म्हणे. घरात कुणी नाही. बारीक ब्रश हातात होता, सुकलेला, टोक असं छान आलं होतं. मी माझ्या फणीपेटीतलं काजळ घेतलं. ह्यांचे रंग पेटाऱ्यात, कंपनीबरोबर गेलेले. आरशासमोर बसून आधी उजवा डोळा काढला, मग डावा. डावा दुखला थोडा. ह्यांच्यासारखी कोपऱ्यातून बाहेर शेपटी ओढली, भुवया काढल्या.

आणि मला मी आवडले. खोटं कशाला लिहू. लग्नाला सात वर्षं झाली, आरशात रोज कपाळाला कुंकू लावते, पण तोंड बघितलं ते आज. वाटलं, मी उठून चालले तर मीही बरी चालेन.

तेवढ्यात अंगणात ह्यांचं खाकरणं. मी पदर ओला करून तोंड खसाखसा पुसलं, ब्रश लुगड्याच्या काठाला पुसला आणि पुडक्यात गुंडाळून टाकला. धुतला नाही. तोवर हे आत आलेच, पुडकं घेतलं, कपाळाला लावलं आणि निघाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "डोळे कित्याक लाल?" मी म्हटलं, "चुलीचो धूर."

१६ डिसेंबर

डोळे चिकटून बंद होताहेत. कोपऱ्यात बसून लिहितेय, वही मांडीवर आणि एक डोळा उघडा. काल सकाळी सासूबाईंना सांगितलं की आज बाहेरची झाले. एका दिवसाचं खोटं. त्यांनी मला आणि माझ्या डोळ्यांना मिळूनच बाजूला बसवलं, एका दगडात दोन कामं झाली त्यांची.

२२ डिसेंबर

हे आले ते डोळे लालबुंद. 

म्हणाले, दाजींचे माझ्याहून वाईट. सुजून बंद झालेत. दोन जत्रा दाजींनी तसेच उभे राहून केल्या, सफेत्याखाली पाणी गळत होतं आणि लोकांना वाटलं हरिश्चंद्र रडतोय. टाळ्या पडल्या म्हणे.

आता माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी मी विटाळात ब्रशाला हात लावला. देवाच्या पेटाऱ्यात तो विटाळ गेला. देव उगाच कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

हे झोपलेत. मी बारीक ब्रश आज चारदा धुतला. पण आता धुऊन काय.

२ जानेवारी १९५९

ह्यांचे डोळे निवळले. दाजींचे नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून कसलासा पाला ठेचून दाजींनी तीन दिवस बांधला, त्याने आग पडली. घरात एकटा माणूस, धोंडू म्हणून पुतण्या आहे तो सकाळी पेज ठेवून जातो. मी कालपासून कालवण पाठवतेय. हे म्हणाले, "बरा करतंस." मला ते दोन शब्द सहन होईनात. उठून गोठ्यात गेले.

११ जानेवारी

देवीला कौल लावायला सासूबाईंबरोबर गेले. त्यांचा प्रश्न आंब्याच्या मोहराचा होता. माझा माझ्या मनात. गुरवाने मूर्तीला फुलांचे कळे लावले आणि मी डोळे मिटून धरलं, आई, दाजींच्या डोळ्यांचं हे माझ्या विटाळाने झालं नसेल तर उजवा दे.

उजवी कळी पडली. लगेच, वाट बघायलाच लावली नाही. सासूबाई मोहर येणार म्हणून खूश, मी रडले. त्यांना वाटलं मला आंब्यांचं एवढं प्रेम. वाटेत मी त्यांची टोपली डोक्यावर घेतली, घरी येऊन पोटभर जेवले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

२५ जानेवारी

दाजींच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. पांढरं, बुबुळावर. उजव्याने दिसतं पण धुरकट. कंपनीच्या मालकाने राजाचं काम दुसऱ्याला दिलं. वाईट माणूस नाही तो, पण जत्रा थांबत नाहीत ना.

हे दुपारी घरी आले ते पेटारा डोक्यावर घेऊन. एरवी पेटारा बैलगाडीत कंपनीबरोबर फिरतो, शिमग्याआधी घरी येत नाही. तो माळ्यावर चढवला. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माज्या हातान दाजीचो डोळो गेलो. त्याच ब्रशान मी माजे नि तेंचे डोळे काढलंय. आता मी त्वांडाक रंग लावचंय नाय."

सासूबाई म्हणाल्या, "तुजे पण डोळे इले होते. तू काय मुद्दाम केलंस?"

"माजे बरे झाले," हे म्हणाले. मग हातपाय धुऊन वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या शेताकडे गेले.

२७ जानेवारी

ह्यांनी शालू मला परत दिला. मी काल दार लावून तो नेसले. त्याला ह्यांच्या घामाचा वास आणि सफेत्याचे डाग. काठ विरलाय.

हे रोज घरात आहेत. दुपारी माझ्याबरोबर जेवतात, शेताला पाणी लावतात. सात वर्षांत हिवाळ्याचे दिवस आम्ही असे काढलेच नव्हते. आणि मला बरं वाटतं. एका म्हाताऱ्याचा डोळा गेला, ह्यांचं सगळं सुटलं, आणि मला बरं वाटतं. देवीने उजवा दिला म्हणून मी ते खुशाल वाटून घेतेय.

पण हे चालताना आता पाय ओढतात. मी आज मागून पाहिलं. ते चालणं गेलं. गंगूनेही पाहिलं, काही बोलली नाही. गंगू गप्प राहिली म्हणजे काय ते समजा.

९ फेब्रुवारी

धोंडूला जमेना म्हणून दाजींना देवगडच्या दवाखान्यात मी आणि सासूबाई घेऊन गेलो. हे आले नाहीत. दाजींच्या समोर उभे राहवत नाही म्हणतात.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, डावा आता असाच राहणार. पाला बांधलात तिथे जास्त बिघडलं, आधी यायला हवं होतं. उजवा सांभाळा. मग विचारलं, कुणाचे डोळे आले होते घरात?

दाजी म्हणाले, "घरात मी एकटाच आहे, साहेब. पण आमच्यात रंग लावतात. एकाच ब्रशाने दोघांचे डोळे काढले."

"मग तिथूनच. ज्याचे डोळे आलेत त्याचं फडकं, टॉवेल, काजळाची काडी, ब्रश, काहीही दुसऱ्याच्या डोळ्याला लागलं की झालं. दिसायला लाल व्हायच्या आधीच लागण होते. नुसतं चुरचुरत असतं, माणसाला वाटतं कचरा गेला."

मी म्हटलं, "कुसळ."

"हो, कुसळच वाटतं," डॉक्टर म्हणाले. "ब्रश साबणाने नीट धुऊन वाळवला असता तर बहुतेक वेळा निभावतं. हा धुतला नव्हता का?"

दाजी म्हणाले, "धुतलेला होता, साहेब. गुणाजीची बायको फार निगुतीने धुते. ही काय, इथेच आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांनी मान डोलावली, शाबास म्हटल्यासारखी.  एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसले. सासूबाईंनी आवळा दिला तो मुठीत तसाच राहिला.

१० फेब्रुवारी

देवीने खोटं सांगितलं नाही. विटाळाने झालं नाही म्हणाली, ते खरंच आहे. मीच विचारलं ते चुकीचं. माझ्या हाताने झालं का, असं विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही, कारण तेव्हा डावी पडली असती.

१५ फेब्रुवारी

पाच दिवस लिहिलं नाही. लिहायचं काय. रोज सकाळी ठरवते आज ह्यांना सांगायचं, आणि रोज ह्यांच्या ताटात भात वाढून परत येते. मला कशाची भीती वाटते ते लिहून बघते. मारतील ह्याची नाही. मारलं तर बरं, फिटलं असं वाटेल. हे परत जातील ह्याची वाटते. सांगितलं की ह्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, ओझं उतरलं की पेटारा उतरला, आणि मग दर हिवाळ्यात घरात मी आणि सासूबाई, दारात गंगू.

म्हणजे ह्यांना घरात ठेवायला मी ह्यांना रोज ते ओझं वाहू देतेय. लिहिल्यावर किती घाण दिसतं.

आज ह्यांनी पोराला उचलावं तसं ब्रशांचं पुडकं खुंटीवरून काढलं, बघितलं आणि परत टांगलं. म्हणाले, "कोणाक होये आसतीत तर देवन टाक."

१९ फेब्रुवारी

सांगितलं.

हे शेताच्या बांधावर बसले होते, मी पेज घेऊन गेले होते. खाली ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. एका दमात, दुपारचं न्हाव्याकडे जाणं, आरसा, काजळ, डावा डोळा, लुगड्याचा काठ. विटाळाचंही सांगितलं, राहायला नको काही.

ह्यांनी पाटात हात धुतले. मग विचारलं, "खंयचो ब्रश?"

"बारीक."

"मगे धुतलंस?"

"नाय."

मला वाटलं आता हात उठेल. हे उठले, पाटाचं एक ढेकूळ काढून दुसरीकडे लावलं, परत येऊन बसले.

"डोळे रंगवलंस त्येचा माका काय नाय," म्हणाले. "माणसाक वाटता. माका वाटता, तुका कित्याक वाटूचा नाय? पण दोन म्हयने मी दाजीच्या दारार जावक नाय. दोन म्हयने तू माका गप बघीत रवलंस."

  मी म्हटलं, "दाजींका तुमी सांगतलात काय?"

"मी कशाक? तू जा. ब्रश घेवन जा, हातात धरून सांग."

पेज तशीच राहिली. संध्याकाळी सासूबाईंनी ती म्हशीला घातली.

२२ फेब्रुवारी

काल पाऊल उचललं नाही. आज गेले. बारीक ब्रश रिठ्यात तीनदा धुतलेला, कडक सुकलेला, पदराआड. दाजींचं घर खळ्यापलीकडे, माडाखाली. ते खळ्यातच बसले होते, उन्हाकडे पाठ करून. धोंडू कामाला गेलेला.

"कोण गो?"

"मी, दाजीनू. कालवण धाडतंय ती."

"सुगंधा. ये. कालवणाचा भांडा थंय उपडा ठेवलेला आसा."

मी बसले नाही. ब्रश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, टोक अंगठ्याने बघितलं. मी सांगितलं. ह्यांना सांगितलं होतं तितकं भरभर जमलं नाही. डावा डोळा चुरचुरत होता तेही सांगितलं, आणि दवाखान्यात तुम्ही माझी तारीफ केलीत तेव्हा मी गप्प बसले तेही.

दाजी म्हणाले, "माका म्हायत आसा."

मला कळेना. "ह्येंनी सांगल्यानी?"

"गुणाजीक खंय म्हायत होता? त्या रातीक तेना ब्रश माज्या डोळ्याक लावल्यान आणि माका तुपाचो वास इलो. आमचा काजळ खोबरेलातला. तुपातला काजळ घरातल्या बायलांचा. तेव्हाच समाजला, कोणीतरी हौस केल्यान."

"मगे बोलाक नाय तुमी?"

"साथीचा माका म्हायत नव्हता गो. म्हायत असता तर बोललंय असतंय, माजो डोळो होतो तो." थोडे हसले. मग हसू गेलं. "वाटला, गुणाजीच्या कानार घातलंय तर तो तुका मारतलो. मी काशीक मारलंय तसो."

मी म्हटलं, मला सासूबाईंनी सांगितलंय ते.

"काय सांगल्यान? पेटाऱ्याक हात लावल्यान म्हणान? अर्धाच सांगल्यान. काशीन पेटारो उघडल्यान आणि पुरा त्वांड रंगवल्यान. राणीचा. आणि माका दाखवूक भायर इली, हसत. मी ता त्वांड बघूक पण नाय. पयलो हात उठलो. आता आठवूक जातंय तर माका खयचा त्वांड दिसता? पुसल्यानंतरचा. सफेतो नि रगत एक झालेला." ब्रश त्यांच्या हातात हलत होता. "तेच्यानंतर वीस वर्सा जगली, पण आरशासमोर परत बसाक नाय."

मी त्यांच्या पायाशी बसले. माफ करा म्हणायला आले होते, पण तो शब्द आता लहान वाटायला लागला.

दाजी म्हणाले, "माजो पेटारो काढ. आत, तांदळाच्या कणगीकडे."

"दाजीनू, मी?"

"काढ म्हणतंय ना. आता तेका कोण हात लावतलो, मांजर?"

पेटारा जड होता. कडी उघडायच्या आधी मी हात पदराला पुसले. आत सफेता वाळून ढेकूळ झालेला, हिंगुळाची डबी, खोबरेलातल्या काजळाची करवंटी. दाजी म्हणाले, तोंड रंगव. राणीचं. माझ्या एका डोळ्याने दिसतं तोवर.

मी सफेता तेलात खलला आणि बोटांनी लावला. गालांना लाली. मग ब्रश घेतला. पेटाऱ्याच्या झाकणात आरसा आहे, मध्ये तडा गेलेला, त्यात एका बाजूला बसून डोळे काढले. उजवा, मग डावा. शेपटी ओढली, भुवया काढल्या.  ऊन त्यांच्या पाठीवरून खळ्यात सरकलं. माझं झालं तेव्हा मी त्यांच्यासमोर, उजव्या डोळ्याच्या बाजूला जाऊन बसले आणि तोंड वर केलं.

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. खूप वेळ बघितलं. तो पांढरा डोळाही माझ्याकडेच होता, आणि मी त्याच्याकडेही बघितलं, नजर काढली नाही.

मग म्हणाले, "डावी भुवय वर गेली. राणी घाबारलेली दिसता. पूस, परत काढ."

मी पुसली. परत काढली. "आता बरी," म्हणाले, आणि हात सोडला.

घरी येताना पदर तोंडावरून ओढून घेतला होता, तरी गंगू वाटेत थांबलीच. हे पडवीत कोयता पाजळत होते. मी पदर मागे केला. ह्यांनी कोयता खाली ठेवला, उठून जवळ आले, तोंड इकडून तिकडून बघितलं, जसं कंपनीत एकमेकांचं बघतात तसं.

"भुवय कोणी काढल्यान?"

"मीच. दाजींनी परत काढूक लावल्यानी."

"कसे आसत दाजी?"

"तुमची वाट बघतत."

 ह्यांनी पायात वहाणा घातल्या आणि खळं ओलांडून माडाकडे निघाले. मी ह्यांची चाल पाहिली. पाय ओढत नव्हते.

शिवरात्रीची जत्रा तेरा दिवसांवर आहे. सासूबाईंनी विचारलं, माळ्यावरचा पेटारा उतरवायचा का. मी म्हटलं, हे आल्यावर उतरवतील. आले नाहीत अजून.

मी तोंड धुतलं आणि ब्रश घेऊन बसले. खोबरेल, फडकं, रिठ्याचं पाणी. पाणी स्वच्छ पडलं तरी ओंजळीत घेऊन उजेडात बघितलं. मग परत एकदा धुतला.